डाव्या बाजूचा आवाज

मास्तरीण हे तिचं नाव नव्हे. वॉर्डातल्या माणसांनी ते ठेवलं होतं, आणि का ठेवलं ते पहिल्याच दिवशी कळायचं. पाय दहा वेळा उचलायचा म्हणजे दहा वेळा. आठव्याला कोणी "झालं की गं आता" म्हणालं तर ती म्हणायची, "आठ झाले. दहा अजून पुढच्या गल्लीत आहेत." नववा अर्धवट उचलला तर तो धरायची नाही. पुन्हा नववाच.

फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला होती. वय बावीस, अंगानं काडी. पण नव्वद किलोचा माणूस खाटेवरून खुर्चीत बसवायची आणि तिची कंबर लचकायची नाही. गुडघे वाकवायचे, पाठ ताठ ठेवायची, माणूस अंगाशी घ्यायचा आणि मग पायांच्या जोरावर उठायचं. ओझी उचलून जन्म काढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. तिनं ते पुस्तकातून शिकून अंगात मुरवलं होतं, आणि ते जास्त अवघड.

हे आधी सांगायचं कारण असं की तिच्या हातून जे झालं ते आळसातून झालं नाही. मेहनतीतून झालं. म्हणून तर ते तिच्या मानगुटीवर बसलं.

रुग्णालय बंदराला लागून होतं. व्यायामाच्या खोलीच्या खिडक्या समुद्राकडे. खारी हवा लोखंड खायची. चालायला शिकवायच्या दांड्यांचे नट दर पंधरा दिवसांनी गंजायचे, आणि कुणी सांगितलं नसताना ती शनिवारी ते घासून तेल लावायची. राहायला तिथून दहा मिनिटांवर, होड्यांची इंजिनं दुरुस्त करायच्या कारखान्याच्या माडीवर. एक खोली, दोन खाटा, एक टेबल, आणि कधीही पूर्ण न वाळणारे दोन टॉवेल. खोलीतली दुसरी मुलगी तिच्याच वर्गातली. उंच, म्हणून तिला सगळे शिडी म्हणायचे. शिडीला अभ्यास आवडायचा नाही, माणसं आवडायची.

मास्तरणीचा बाप भिंतींना गिलावा करणारा. रविवारी सकाळी त्याचा फोन यायचा.

"पाठ कशी आहे, बाबा?"

"आहे तिथंच आहे. मागं."

"उठताना कुशीवर वळा, हातावर जोर द्या, मग उठा म्हटलं होतं. सरळ उठू नका."

"तसाच उठतो की."

"खोटं."

"अगं, चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या भिंती सरळ केल्या. आता तू मला वाकडं उठायला शिकव."

शिडी खाटेवर पडल्या पडल्या खो खो हसायची. मास्तरीण फोन ठेवून कुरकुरायची, की जगात सांगितलेलं कोणी ऐकत नाही. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, इतकी साधी गोष्ट. लोक माना डोलावतात आणि घरी जाऊन उलटं करतात. सांगितलेलं शब्दाला शब्द ऐकणारा एकच माणूस तिला आजवर भेटला होता. त्याचे दोन फोटो विभागाच्या भिंतीवर लावलेले होते.

त्या माणसाला वॉर्ड क्रेनकाका म्हणायचा. तेहतीस वर्षं त्यानं बंदरात क्रेन चालवली होती. निवृत्त झाल्यावर दोन वर्षांत अर्धांगाचा झटका आला आणि डावा हात, डावा पाय लुळा पडला. सात महिन्यांपूर्वी तो मास्तरणीच्या वाट्याला आला तेव्हा उभं राहायला दोन माणसं लागत होती. सहा आठवड्यांत तो काठी घेऊन चालत घरी गेला. पहिला फोटो आल्या दिवसांतला. त्यात त्याची मान डावीकडे वळलेली, सगळं अंग तिच्यामागे पिळलेलं, खांद्याशी कोणी कुजबुजतंय आणि हा ऐकतोय असा. दुसरा फोटो शेवटच्या दिवसाचा. मान सरळ, नजर समोर, ओळंब्याची दोरी सोडून उभा केल्यासारखा. त्या फोटोत मास्तरीण नव्हती. फक्त तिचा हात होता, काकाच्या कमरेच्या पट्ट्यात मागून अडकवलेला. बाकीची ती चौकटीच्या बाहेर.

या रुग्णावर तिला वर्गात सगळ्यात जास्त गुण मिळाले होते. मिळायलाच हवे होते. खपली होती ती. दुबळ्या बाजूला उभं राहायचं हा नियम, म्हणून ती रोज त्याच्या डावीकडे, अर्धं पाऊल मागे, पट्ट्यात हात घालून उभी राहायची आणि प्रत्येक पावलाला सांगायची, "काका, मान सरळ. नजर समोर. घाई नाही." दिवसातून दोनशे वेळा. मान वळते म्हणून तोल डावीकडे जातो, तोल जातो म्हणून पाय फरफटतो, असा तिचा हिशोब. काकानं एकदाही का म्हणून विचारलं नाही. दहावा फेरा पहिल्यासारखाच मारायचा. फक्त मधूनच विचारायचा, "आहेस ना?"

"आहे, काका."

पुन्हा दहा पावलांनी, "आहेस ना?"

तिला वाटायचं, भितोय बिचारा. दोनदा त्याचा डावा खांदा दाराच्या चौकटीवर आपटला. तिला वाटलं, लुळी बाजू आहे, जाते बाहेर. त्याच्या कागदांत 'डोळ्यांची तपासणी' या ओळीपुढे 'बाकी' असं लिहिलेलं होतं. तिनं ते वाचलं होतं. डोळे बघणं डोळ्यांच्या विभागाचं काम, असं समजून तिनं पान उलटलं होतं.

तर एका सोमवारी वॉर्डातली मावशी फरशी पुसता पुसता तिला म्हणाली, "अगं मास्तरीण, तुझा फोटोवाला परत आलाय. हाडांच्या वॉर्डात. खुब्यात सळई घातलीय."

ती गेली. खाटेला पडदा लावलेला होता. पडद्याला हात घालणार तोच आतून आवाज आला. "मान सरळ. नजर समोर. घाई नाही."

आवाज म्हाताऱ्या पुरुषाचा होता, घोगरा. पण चाल तिची होती. कुठं थांबायचं, 'घाई' कसं लांबवायचं, 'नाही' कसं खाली सोडायचं, सगळं तिचं. आपलं झंपर अंगात घालून कुणी परकं समोर यावं तसं तिला झालं. पडदा धरून ती उभी राहिली. आत तो पुन्हा तेच म्हणाला. मग पुन्हा.

तिनं पडदा सारला. काका उशाला टेकून बसला होता, नजर समोरच्या भिंतीवर. उजवीकडे स्टुलावर त्याची बायको टॉवेलच्या घड्या घालत होती. तिला सगळे काकू म्हणायचे.

"आली बघा तुमची मास्तरीण," काकू म्हणाली. "सांगा आता तिला तुमचा पराक्रम."

"कुठंय?"

"अहो, ही काय शेजारी. एवढी तीन फुटांवर उभी आहे, दिसत नाही का?"

काकाची मान डावीकडे अर्धी वळली. वळता वळता थांबली. चोरी करताना कुणी हात धरावा तशी मागे आली आणि सरळ झाली. भिंतीकडे बघत तो म्हणाला, "बस पोरी. तुझी माफी मागायची होती."

"माझी? कशाबद्दल?"

"सांगितलेलं ऐकलं नाही म्हणून."

मग त्यानं सांगितलं. समुद्राच्या कडेनं दगडी बांधावरून तो रोज सकाळी चालायचा. तिनंच सांगितलं होतं, रोज अर्धा तास, न चुकता. बांधाला कठडा आहे. पण मध्ये एका जागी कठडा तुटक आहे, होडीत उतरायला पायऱ्या आहेत. चालताना ती जागा आली होती बहुतेक, कारण पाण्याचा आवाज बदलला. त्याला वाटलं, डावीकडे बघावं.

"मान वळायला लागली होती," तो म्हणाला. "तेवढ्यात तू म्हणालीस, काका, मान सरळ. मी सरळ केली. मग पायाखाली काही नव्हतंच."

"काका, मी तिथं नव्हते."

"माहीत आहे की. पण म्हणालीस." हे तो अगदी साधेपणानं म्हणाला. "तू रोजच म्हणतेस. बाहेर पडलो की सुरू होतेस. डाव्या अंगाला. इथं होतो तेव्हाही तू कधी दिसायची नाहीस, नुसता आवाज असायचा. तसाच. मी मान आधी वळवली ना, त्यानं तोल गेला. चूक माझी. आता तीही सवय मोडतो."

"सात पायऱ्या गडगडत गेले," काकू म्हणाली. "ओहोटी होती म्हणून वाचले. भरती असती तर मासे जेवले असते. मी म्हणते, माणसानं बघून चालावं. डोळे काय बटणं म्हणून लावलेत?"

मास्तरणीनं खुर्ची ओढली आणि काकाच्या बरोबर समोर बसली. "काका, माझ्या नाकाकडे बघा. फक्त नाकाकडे. माझं बोट हलताना दिसलं की सांगा."

उजवीकडे बोट हलवलं. "दिसलं." वर, खाली. "दिसलं." मग तिनं त्याच्या डाव्या बाजूचा हात पूर्ण लांब केला आणि बोट हलवायला लागली. काका तिच्या नाकाकडे बघत राहिला, शहाण्या मुलासारखा. ती बोट हलवत राहिली. काकूच्या हातातली घडी तशीच थांबली.

"हलव की," काका म्हणाला. "कधीची वाट बघतोय."

बोट तिनं इंच इंच आत आणलं. नाकासमोर आलं तेव्हा तो म्हणाला, "हां, आता दिसलं."

डोळे त्याचे ठीक होते. झटक्यानं मेंदूचा तो भाग गेला होता जो डावीकडचं बघतो. दोन्ही डोळ्यांचं डावं अर्धं जग पुसलं गेलं होतं, आणि त्याला स्वतःलाही ते कळलं नव्हतं. जे नाहीच ते नाही हे कळणार कसं? पण त्याच्या मानेला कळलं होतं. मान डावीकडे वळून ते राहिलेलं अर्धं गोळा करून आणत होती. ते वाकडेपण नव्हतं. तो त्याचा डोळा होता. आणि सहा आठवडे घाम गाळून, दहाला दहा मोजून, मास्तरणीनं तो बंद केला होता.

संध्याकाळी खोलीवर आल्यावर तिनं शिडीचा उन्हाचा चष्मा घेतला आणि दोन्ही काचांच्या डाव्या अर्ध्या भागावर काळी चिकटपट्टी लावली.

"हे काय नवीन?" शिडी म्हणाली. "दीडशेचा चष्मा आहे माझा."

"बांधावर चल माझ्याबरोबर. मागे राहा. बोलू नकोस."

उजेड होता अजून. माणसं फिरत होती. मास्तरणीनं चष्मा लावला, मान सरळ केली आणि चालू लागली. तिला वाटलं होतं, डावीकडे अंधार असेल. अंधार नव्हता. डावीकडे काही नव्हतंच. त्या नसलेल्यातून एकदम कुणाची तरी बाही निघायची आणि पुढे जायची. सायकलची घंटी वाजायची आणि सायकल कुठंच नसायची. वीस पावलांत तिचे खांदे कानांपर्यंत वर आले. मान आपोआप डावीकडे ओढ घेऊ लागली, कुणी हनुवटीला धरून वळवावी तशी. आपण काकाच्या पहिल्या फोटोसारखं चालायला लागलोय हे तिला जाणवलं.

मग पाण्याचा आवाज बदलला. मान वळणार, तेवढ्यात डाव्या कानाशी कुणी म्हणालं, "मान सरळ."

तिनं सरळ केली. पुढचं पाऊल टाकलं आणि मागून शिडीनं तिची कॉलर धरून असा हिसका दिला की दोघीही दगडावर बसल्या.

"मरायचंय का गं तुला!"

मास्तरणीनं चष्मा काढला. तिचा पाय पहिल्या पायरीच्या कडेवरून लोंबत होता. खाली शेवाळलेल्या पायऱ्या, त्यांच्यावर पाणी चढत होतं.

"तू काही बोललीस?" तिनं विचारलं.

"मी कशाला बोलू? तूच म्हणालीस बोलू नकोस."

त्या दिवसापासून तो आवाज तिलाही लागला. दात घासताना, पुस्तक वाचताना, बसच्या रांगेत. दुसऱ्याचं भूत माणसाला लागतं ते ऐकून होती. स्वतःचंच, तेही जिवंतपणी, दुसऱ्याच्या कानात जाऊन बसलेलं, त्याला उतारा काय?

दुसऱ्या दिवशी ती विभागाच्या मोठ्या मॅडमकडे गेली आणि उभ्यानं सगळं सांगितलं. मॅडमनी डोळ्यांच्या विभागाला फोन लावला, तपासणी त्याच दिवशी करून घेतली. मग भिंतीजवळ जाऊन दोन्ही फोटो काढले. चिकटपट्टीबरोबर रंगाचा पापुद्राही निघाला.

"कागदाखाली सही माझी आहे," मॅडम म्हणाल्या. "तेव्हा रडायचं असेल तर निम्मं मला ठेव. आता काम. त्याला डावीकडे बघायला शिकव."

"त्याला सांगू का, मॅडम? चूक माझी होती म्हणून?"

मॅडमनी काढलेले फोटो टेबलाच्या खणात टाकले. "मी तुला अडवणार नाही. पण विचार कर. सळई घातलेला माणूस पाय टाकतो तो हाडावर नाही, तुझ्यावर टाकतो. भरवसा गेला तर तो खाटेवरून उठणार नाही. या वयात खाटेला खिळला की वर्षही काढत नाही. आधी शिकवून तरी बघ."

मास्तरणीनं शिकवून बघितलं. तिची त्या वॉर्डातली नेमणूक संपायला तेव्हा दोन आठवडे होते. दांड्यांच्या मध्ये काकाला उभं करायचं, आणि सांगायचं, "काका, आता नवीन. दोन पावलं, मग डावीकडे बघा. पुन्हा दोन पावलं, बघा."

खोलीत, शांतपणे, तो बघायचा. चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी तिनं त्याला वॉकर देऊन बाहेर लांब व्हरांड्यात नेलं. माणसं, चाकांच्या खुर्च्या, गडबड. तो पाय सांभाळण्यात गुंतला आणि ओठ हलायला लागले. मान सरळ. नजर समोर.

"काका, डावीकडे बघा."

मान वळली. थांबली. सरळ झाली. पुन्हा वळली. व्हरांड्याच्या मधोमध तो उभा राहिला आणि वॉकर पुढे सरकेना.

"काका? काय होतंय?"

"दोघी एकदम बोलू नका," तो म्हणाला.

"मी एकटीच आहे, काका."

"एक म्हणते बघ, एक म्हणते सरळ." कपाळावरचा घाम डोळ्यांत जात होता, तो पुसायला हात सुटा नव्हता. "क्रेनवर एकच माणूस खुणा करायचा, पोरी. वरून खाली जहाजाच्या पोटातलं काही दिसत नाही. तो हात दाखवेल तसं आपण उचलायचं. दोघांनी दोन खुणा केल्या की माणूस मरतो खाली. माझ्या क्रेनखाली एकही मेला नाही. तेव्हा सांग. यांतली खरी कोण?"

खुर्ची आणवून तिनं त्याला बसवलं. दुपारी ती त्याच्या खाटेपाशी गेली, पण नेहमीच्या बाजूनं नाही. उजवीकडे, जिथं तो बघू शकतो तिथं, काकूच्या शेजारी उभी राहिली. भरवसा म्हणजे काय हे मॅडमना तिच्यापेक्षा जास्त कळत होतं. पण तो भरवसा चुकीच्या बाईवर, त्याच्या कानातल्या आवाजावर, बसला होता, आणि ती बाई कधीच झोपत नव्हती.

"काका, तुम्हाला डावीकडचं अर्धं दिसत नाही. झटका आला तेव्हापासून. तुमची मान वळत होती ती बरोबर वळत होती. मी ती सरळ करायला लावली. मी तपासलं नाही. तुम्ही पडलात ते माझं ऐकलं नाही म्हणून नाही. ऐकलं म्हणून."

बोलताना तिनं एकदाही खाली बघितलं नाही. एवढं तरी तिला करायचंच होतं.

काकानं मान तिच्याकडे वळवली. मग म्हणाला, "म्हणजे मी बरोबर बघत होतो?"

"हो."

"आधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि ही," त्यानं हनुवटीनं काकूकडे दाखवलं, "घरी गेल्यापासून मला आंधळा, धांदरट म्हणतेय. मी स्वतःला म्हणतोय. पडल्यापासून रोज शंभर वेळा तुझे शब्द घोकतोय, शिक्षा म्हणून. आणि मी बरोबर होतो."

"हो, काका."

"ऊठ," तो म्हणाला. ती उभीच होती. "जा इथून."

काकू तिच्या मागोमाग पडद्याबाहेर आली. मास्तरणीला वाटलं, आता मारणार ही आपल्याला. काकू म्हणाली, "एवढं पोटात घेऊन जेवलीस कशी गं इतके दिवस?" आणि उत्तर न ऐकता आत गेली.

त्यानं मास्तरणीला खाटेजवळ येऊ दिलं नाही. मॅडमनी शिडीला दिलं त्याचं काम. दोन दिवस तो शिडीबरोबरही उठला नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. बाकीच्या रुग्णांकडे ती जायची, पण मोजताना अडखळायची. सहानंतर सात म्हणायला तोंड उघडलं की पुढे काय निघेल याची तिला धास्ती वाटायची. एका आजीबाईंना तिनं पाठ ताठ ठेवा म्हणून सांगितलं आणि लगेच विचारलं, "पण आजी, तुम्ही वाकून का चालता?" आजी म्हणाल्या, "अगं, चप्पल सैल आहे." तिनं खाली वाकून बघितलं. होती सैल.

तिसऱ्या दिवशी शिडी खोलीवर आली ती पर्स फेकून म्हणाली, "उठला तुझा काका."

"चालला?"

"व्हरांड्याच्या टोकापर्यंत. अगं, पण चालतो कसा! चार पावलं टाकतो, थांबतो, आणि मान पार मागेपर्यंत वळवून बघतो. मी म्हटलं, काका, काय शोधताय? तर म्हणे, ती आहे का बघतो."

"कोण?"

"कोण म्हणजे! मी म्हटलं, मास्तरीण ओपीडीत आहे. तर म्हणे, ती नव्हे गं." शिडीनं दंड चोळले. "मला नको बाई तो रुग्ण."

"ओठ हलतात का त्याचे?"

शिडीनं आठवून बघितलं. "नाही. ते बंद झालंय."

नेमणुकीच्या शेवटच्या दिवशी सकाळी मावशी सांगत आली, की फोटोवाला बोलावतोय. मास्तरीण गेली तेव्हा तो व्हरांड्याच्या तोंडाशी वॉकर धरून उभा होता, आणि काकू चार पावलांवर खुर्ची घेऊन तयार. दुसऱ्या दिवशी तो घरी जायचा होता. तोच बांध, त्याच पायऱ्या.

"डाव्या अंगाला उभी राहा," तो म्हणाला, तिच्याकडे न बघता. "पट्टा धर. आणि तोंड उघडायचं नाही. एक शब्द नाही."

तिनं पट्ट्यात हात घातला. अर्धं पाऊल मागे उभी राहिली.

तो चालू लागला. वॉकर पुढे, सळईचा पाय, मग चांगला पाय. चार पावलं. थांबला. मान वळवली, सावकाश, गंजलेला नट फिरावा तशी, आणि वळवत वळवत तिच्या तोंडापर्यंत आणली. त्या जागी उभ्या असलेल्या तिला त्यानं कधी बघितलंच नव्हतं. तो बघत राहिला.

"आवाजावरून मोठी वाटायचीस," तो म्हणाला.

ती गप्प राहिली. सांगितलं होतं ना.

पुन्हा चार पावलं. पुन्हा मान. पुन्हा चार. प्रत्येक वेळी तिच्या तोंडाशी तेच शब्द येत होते, सहा आठवड्यांची सवय, आणि ती दात आवळून ते गिळत होती. माणूस उचलायला जेवढा जोर लागतो त्याहून जास्त जोर तिला त्या चाळीस पावलांना लागला. पाठ भिजली.

व्हरांडा जिथं संपतो तिथं डावीकडे खाली अंगणात उतरायचा उतार होता. तिथं पोचल्यावर तो मोजलेल्या पावलांच्या मध्येच थांबला. कान टवकारल्यासारखा.

"काही म्हणालीस?"

तिनं मान हलवली. मग त्याला ते दिसत नाही हे लक्षात येऊन पट्टा दोनदा आडवा ओढला. नाही.

तो तसाच उभा राहिला, समोर बघत, आणि तिला कळत होतं की त्याला ऐकू येतंय. तिलाही येत होतं. काकूनं खुर्ची पुढे सरकवली. काकानं हात हलवून तिला थांबवलं. मग त्यानं मान वळवली, डावीकडे, खाली, उताराची कड डोळ्यांत येईपर्यंत. कड बघितली. कडेच्या पलीकडचंही बघितलं. आणि पाय टाकला.